झुला कोल्हापुरात विणा, पण आधी दर ठरवा

पन्हाळ्याच्या वाटेवर, राधानगरी-दाजीपूरच्या जंगलाकडेला, आंबा घाटाच्या माथ्यावर गेल्या काही वर्षांत होमस्टे आणि कृषी पर्यटन केंद्रं उभी राहिली. त्यांच्या अंगणात दोन झाडांना बांधलेला जाळीचा झुला बहुतेक ठिकाणी दिसतो. पाहुणे आले की पोरं आधी त्याच्यावर तुटून पडतात, आणि जेवणं झाली की मोठी माणसं पोरांना हुसकून स्वतः आडवी होतात. झुला असतो नायलॉनचा, ऑनलाइन मागवलेला. तिथून हाकेच्या अंतरावर बांधाला घायपात उभं असतं. आणि त्याच गावात घायपाताच्या पानांतला वाख, म्हणजे तंतू, काढून दोर वळता येणारं एखादं म्हातारं माणूस अजून असतं, ज्याच्याकडे आता कुणी दोर मागायला जात नाही.

हे तिन्ही जोडावं, कोल्हापूर जिल्ह्यात नैसर्गिक धाग्याचा हातविणीचा झुला तयार व्हावा आणि तो इथल्या पर्यटन केंद्रांनी, नगरपालिकांनी, सरकारी विश्रामगृहांनी विकत घ्यावा, असं मला ठामपणे वाटतं. मात्र त्याला एक अट आहे, आणि हा लेख त्या अटीसाठीच लिहितो आहे. ‘परंपरा जपायची’ म्हणून हे काम कुणा एका जातीच्या गळ्यात पडता कामा नये. आधी मजुरी ठरावी, काम कुणाही हाताला खुलं असावं आणि विणणाऱ्याचा त्यात मालक म्हणून वाटा असावा. एवढं होणार नसेल तर आहे तो नायलॉनचा झुला ठीक आहे.

अट इतकी कडक का, ते झुल्याचा इतिहास पाहिला की कळतं.

ऑक्टोबर १४९२ मध्ये कोलंबस बहामा बेटांवर पोचला तेव्हा तिथल्या घरांत त्याला सुताच्या जाळ्यांसारखी अंथरुणं दिसली, आणि त्याच्या रोजनिशीत त्यांची नोंद आहे. त्या बेटांवर ताइनो कुळातले लोक राहत. कॅरिबियन बेटं, ओरिनोको आणि ॲमेझॉनची खोरी या साऱ्या टापूत माणसं कित्येक शतकं अशीच झोपत आली होती. कुठे कापसाचं सूत, कुठे ताडाच्या कुळातल्या झाडाचा तंतू, कुठे घायपाताचा वाख. ओल, साप, विंचू, मुंग्या यांच्यापासून माणूस वर राहतो. खाली मंद विस्तव ठेवला की ऊब मिळते आणि धुराने डास पळतात. आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात, त्यामागची समज फार वेगळी नाही. युरोपच्या लोकांना झुला फार आवडला. ज्यांच्याकडून तो घेतला ते ताइनो मात्र खाणीतली सक्तीची मजुरी, उपासमार आणि बाहेरून आलेले रोग यांनी काही दशकांत जवळजवळ नाहीसे झाले.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांच्या आरमाराने झुला खलाशांसाठी घेतला. जहाजाच्या पोटात प्रत्येक खलाशाला झुला टांगायला १४ इंच जागा ठरलेली असे, म्हणजे जेमतेम दीड वीत. निम्मे पहाऱ्यावर असत म्हणून उरलेल्यांना श्वास घेता येई. सकाळी झुले गुंडाळून जहाजाच्या कडेच्या जाळ्यांत रचून ठेवत, लढाई लागली तर गोळ्या आणि लाकडाच्या ढलप्या अडवायला तेवढाच आडोसा. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज जमीनदार झुल्यात पहुडलेले आणि त्या झुल्याचा दांडा गुलामांच्या खांद्यावर, अशी चित्रं त्या काळच्या युरोपीय चित्रकारांनी काढून ठेवली आहेत. त्याच ब्राझीलच्या ईशान्य भागात गरिबाला शवपेटी परवडत नसे, तेव्हा त्याला त्याच्याच झुल्यातून दफनभूमीत नेत.

आता घायपाताकडे येतो, कारण आपला या इतिहासाशी सांधा तिथे आहे. आपल्या बांधांवरचं, माळांवरचं घायपात मूळचं मेक्सिकोचं. इकडे ते कुंपण म्हणून आणि रेल्वेच्या कडेने लावलं गेलं आणि इतकं रुजलं की आपण ते आपलंच धरून चाललो. मेक्सिकोच्या युकातान प्रांतात त्याचंच भावंड, हेनेकेन, मैलोगणती लावलेलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत गव्हाच्या पेंढ्या बांधणारी यंत्रं आली, त्यांना सुतळी हवी होती, आणि युकातानचे मळेवाले एका पिढीत गब्बर झाले. मेरिदा शहरातल्या त्यांच्या हवेल्या अजून उभ्या आहेत. पात कापणारे होते माया लोक. ते मळेवाल्याच्या कर्जात बांधलेले असत आणि बाप मेला की कर्ज मुलाच्या नावावर चढे. मेक्सिकोच्या क्रांतीच्या काळात, १९१४-१५ मध्ये, ही कर्जगुलामी मोडण्यात आली. त्यानंतर तीन-चार वर्षांत, १९१८ मध्ये, इकडे करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी महार वतनं रद्द केली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण त्यांच्यामागचा प्रश्न एकच होता. पिढीजात कामाच्या नावाखाली माणूस किती काळ बांधून ठेवायचा?

युकातानमध्ये झुले आजही विणले जातात. दोन उभे खांब, दोन आडवे दांडे अशी साधी चौकट, त्यावर सुताचे बारीक पदर एकमेकांत अडकवत जायचं. जाळीला गाठ नसते, म्हणून ती अंगाला टोचत नाही आणि हवी तशी ताणली जाते. एका झुल्यात काही किलोमीटर सूत जातं. विणणाऱ्या बहुतेक बायका, घरकामातून वेळ काढून बसणाऱ्या. पुष्कळदा सूत व्यापारी देतो, तयार झुला तोच नेतो, पैसे नगावर. इचलकरंजीच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे शहर वस्त्रोद्योगाचं म्हणून नावाजलं. तरी आजही तिथले असंख्य मागवाले ‘खर्चीवाले’ आहेत. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, यांची फक्त मजुरी, आणि बाजार पडला की पहिला मार यांनाच. उद्या कोल्हापुरी झुला निघाला आणि त्याचेही खर्चीवालेच तयार झाले, तर आपण काय मिळवलं?

झुल्याची ओढ खरी आहे, ती फॅशन म्हणून झटकण्यात अर्थ नाही. पलंगावर पाठीचे, खांद्याचे, टाचांचे ठरावीक बिंदू वजन घेतात. झुल्यात ते सगळीकडे वाटलं जातं आणि खालून वारा लागतो. त्यात सरळ झोपलं तर शरीर केळ्यासारखं वाकतं. विणणाऱ्या मुलखात म्हणूनच तिरपं झोपतात, त्याने पाठ जवळजवळ सपाट राहते. दोन्ही टोकांना लाकडी दांडा घातलेला झुला दिसायला छान असतो, पण तो चटकन उलटतो. तो नंतरचा, उत्तर अमेरिकेतला बदल. २०११ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी बारा पुरुषांना दुपारी पाऊण तास मंद हलणाऱ्या आणि स्थिर अशा दोन्ही पलंगांवर झोपवून त्यांच्या मेंदूच्या लहरी तपासल्या. हलणाऱ्या पलंगावर झोप लवकर लागली आणि लवकर गाढ झाली. ज्या आईने रात्री दोन वाजता झोळीला पायाने झोका दिला आहे तिला हे नवं नाही, तरी मोजून सिद्ध झालं हे चांगलंच.

झोळीवरून एक गोष्ट बोलायलाच हवी. दिवाळीच्या मागेपुढे बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या जिल्ह्यात येतात. फडाच्या कडेला झाडाच्या फांदीला साडीची झोळी आणि झोळीत तान्हं मूल हे दृश्य शिरोळपासून कागलपर्यंत कुणीही पाहिलेलं आहे. गगनबावडा, शाहूवाडीकडच्या धनगरवाड्यांवर रस्ता पोचलेला नसला की आजारी माणसाला घोंगडीची नाही तर चादरीची झोळी करून, दांड्याला अडकवून, चौघं खांद्यावरून खाली आणतात. जाळी किंवा कापड दोन टोकांना टांगणं ही एकच युक्ती. होमस्टेत ती सुट्टीची मजा, फडात पाळणाघर नसल्याचा पुरावा आणि धनगरवाड्यावर रुग्णवाहिका. त्यामुळे झुल्याच्या सौंदर्याविषयी बोलताना मला संकोच वाटतो आणि तो वाटावा असंच मला वाटतं. ऊसतोड बाईच्या मुलाला सुंदर विणलेली झोळी नको आहे. त्याला कारखान्याने चालवलेलं पाळणाघर हवं आहे. या दोन मागण्यांची गल्लत कुणी करू नये, विशेषतः ‘स्थानिक कलेतून ऊसतोड कामगारांच्या बाळांसाठी’ असा फलक लावून उद्घाटन करायला उत्सुक असणाऱ्यांनी.

आता कोल्हापुरी हातांबद्दल. इथे झुला विणत नसत हे खरं. पण झुल्याला जे जे कौशल्य लागतं ते सगळं इथे होतं. घायपाताचं पात कापायचं, ठेचायचं, पाण्यात कुजत घालायचं, मग धुऊन, झोडून, वाळवून पांढरा वाख काढायचा आणि त्याला पीळ देत दोर वळायचा. मोटेचा नाडा आणि सोंदूर, बैलाचा कासरा आणि वेसण, गाईचं दावं, ओझ्याचं चऱ्हाट. दोर झाला की त्याची विणही होती. दुधा-लोण्याची मडकी टांगायचं शिंकं, बैलाच्या तोंडाची मुसकी, कडबा बांधायची जाळी, गोफणीचा खोपा. शिंकं नीट पाहिलं तर तो मडक्याचा झुलाच आहे. हे सगळं करणारे प्रामुख्याने मातंग समाजातले लोक. बेंदराच्या आधीचे दिवस त्यांच्या हाताला उसंत नसे, कारण बैलाला नवा साज हवा असे.

मोट गेली, विहिरीवर पंप आले. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले. उरलेल्या बैलाच्या नाकात नायलॉनची वेसण आली, जी टिकते खूप पण नाकपुडीला काचते. हा ऱ्हास दुःखद आहे असं सहज लिहिता येईल, पण मी ते तसं लिहिणार नाही. कारण तो दोर विकला जात नव्हता. बलुत्यात दिला जात होता. वर्षभर गावाला दोर पुरवायचा आणि खळ्यावर जे पदरात पडेल ते घ्यायचं. दोर किती हात लांब, किती पदरी, किती दिवस खपला, याचा हिशेब वळणाऱ्याने करायचा नाही. दर ठरवायचा अधिकार कधी त्याचा नव्हताच. हाताला खाज आणणारा पाताचा चीक, कुजक्या वाखाचा वास आणि वर गावकुसाबाहेरचं घर, हे सगळं त्या कौशल्याला चिकटलेलं होतं.

म्हणून मातंग समाजातला शिकलेला तरुण विचारतो की माझ्या बापाने जो दोर सोडला तो मी पुन्हा का हातात घेऊ, तुम्हाला तो सुंदर दिसतो म्हणून? या प्रश्नापुढे कलाप्रेमाचं कोणतंही उत्तर टिकत नाही, आणि टिकू नये. याच शहरात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागास वर्गांसाठी ५० टक्के जागा राखीव ठेवल्या. संस्थानच्या पागेत अस्पृश्य म्हणून अपमान आणि मार सोसलेल्या गंगाराम कांबळेंना चहाचं हॉटेल काढून दिलं आणि महाराज स्वतः तिथे जाऊन चहा पीत. अस्पृश्य समाजातल्या लोकांना वकिलीच्या सनदा दिल्या. या सगळ्यामागचं सूत्र स्पष्ट होतं. जन्माने लादलेल्या कामातून माणूस बाहेर काढायचा. त्याच कोल्हापुरात शंभर वर्षांनी आपण ‘तुमची कला जपा’ म्हणून त्या मुलाला परत वाखाकडे ढकलणार असू, तर ते शाहूंच्या विरुद्ध दिशेला चालणं आहे.

मग झुला विणूच नये का? विणावा. कौशल्य ही पुंजी आहे. तिच्यावर लादलेली सक्ती आणि अपमान हटवले तर ती पुंजी कुणाला नकोशी का व्हावी? शिकवणारा मातंग वस्तीतला जाणता माणूस असेल, आणि त्याला गुरू म्हणून चोख मानधन मिळेल. शिकणाऱ्यांत मराठ्याची सून असेल, धनगराची मुलगी असेल, मुस्लिम घरातली बाई असेल, ब्राह्मणाचा बेकार मुलगा असेल. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकायला जात विचारत नाहीत, तसंच. मातंग समाजातल्या कुणाला यायचं असेल तर तोही येईल, पण त्याच्याकडून कुणी तशी अपेक्षा धरणार नाही.

घाण आणि खाज हा भाग यंत्राने जाऊ शकतो. पाताच्या वजनात तंतू साधारण चार टक्के असतो, म्हणजे शंभर किलो पातातून चार किलोच्या आसपास. हे हाताने काढणं म्हणजे हाल. पात खरवडून तंतू वेगळा करणारी यंत्रं ब्राझील, टांझानियात पिढ्यान् पिढ्या चालतात. गावांच्या एका गटाला मिळून एक यंत्र बसलं तर कुजवण्याची गरजच राहत नाही. आणखी एक गोष्ट विणणाऱ्यांशी बोलून ठरवावी लागेल. नुसत्या वाखाचा झुला उघड्या अंगाला टोचतो. युकातानमध्येही सूत मिळू लागल्यावर झोपायची जाळी सुताची झाली. मला वाटतं, जाळी सुती धाग्याची आणि टांगायच्या दोऱ्या वाखाच्या, हे आपल्याला जमण्यासारखं आहे. सूत इचलकरंजीत आहे, कोल्हापूरपासून तासाभराच्या आत.

नायलॉनच्या बाजूनेही बोललं पाहिजे. तो स्वस्त आहे, ओला होऊन कुजत नाही, आणि आपल्या पश्चिम घाटात जून ते सप्टेंबर पाऊस कसा असतो हे राधानगरीकरांना विचारावं. सुती झुला पावसात बाहेर ठेवला तर एका मोसमात संपेल. म्हणजे तो पडवीतला, सोप्यातला झुला आहे, पावसाळ्यात उतरवून ठेवायचा. त्याच्यावर किती वजन चालेल हे तपासून लिहून द्यावं लागेल, कारण त्यावर माणूस झोपणार आहे. एवढी शिस्त पाळायची तयारी नसेल तर प्रदर्शनात मांडायची शोभेची वस्तू तेवढी होईल.

नाव आणि मानांकनाच्या मोहात आधीच पडू नये, हेही सांगतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशीच चप्पल दाखवली, इथे संताप उसळला, तेव्हा कंपनीने भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं. ती लढाई योग्यच होती. पण मानांकन नावाचं रक्षण करतं, कारागिराच्या मजुरीचं नाही. चामडं कापण्यापासून टाचण्यापर्यंत एकेक टप्पा करणाऱ्याला जोडामागे काय मिळावं, याबद्दल त्या कायद्यात एक ओळही नाही. कोलंबियात सान हासिंतोच्या झुल्यांनाही असं नावाचं संरक्षण आहे. झुल्याचं आपण उलट्या क्रमाने करावं. आधी दर, मग नाव.

सरकारी योजनांत जागा शोधावी लागेल. सप्टेंबर २०२३ पासून चालू असलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. टोपली, चटई, झाडू करणारे आणि काथ्या विणणारे एका गटात, मासेमारीचं जाळं विणणारे दुसऱ्या. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने कर्ज अशी सोय आहे. दोर वळणाऱ्याचं नाव मात्र त्यात वेगळं नाही. जाळ्याच्या किंवा काथ्याच्या गटात बसवून घेण्यापेक्षा जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींनी ‘दोर आणि नैसर्गिक तंतूकाम’ असा व्यवसाय त्यात जोडून घ्यावा. चर्मोद्योगासाठी राज्याचं महामंडळ माल विकण्याचंही काम करतं. मातंग समाजासाठी १९८५ मध्ये स्थापन झालेल्या लोकशाहीर अण्णाभाऊ साठे विकास महामंडळाचा भर मात्र कर्जावर राहिला आहे. ज्याला गिऱ्हाईक नाही त्याला कर्ज देऊन उपयोग काय?

म्हणून सगळ्यात आधी गिऱ्हाईक उभं करा, आणि ते सरकारी असू द्या. पर्यटन महामंडळाची निवासं, वन विभागाची विश्रामगृहं, जिल्हा परिषदेची अतिथिगृहं यांनी पहिल्या काही वर्षांसाठी झुल्यांची मागणी आधी लिहून द्यावी. खासगी होमस्टे मागून येतील, कारण पाहुण्याला सांगायला त्यांनाही काहीतरी खरं हवं असतं. दर नगावर न ठरवता लागणाऱ्या तासांवर ठरवावा आणि तो किमान वेतनाच्या खाली जाऊ नये. विणणाऱ्यांची सहकारी संस्था असावी. सहकार या जिल्ह्याला शिकवावा लागत नाही. सूत संस्थेने घ्यावं आणि झुलाही संस्थेनेच विकावा. प्रत्येक झुल्याच्या चिठ्ठीवर विक्रीच्या किमतीबरोबर विणणाऱ्याला मिळालेली रक्कमही छापावी.

महाग पडेल, हे मला ठाऊक आहे. नायलॉनच्या कित्येक पट पडेल. ज्याला परवडत नाही त्याने नायलॉन घ्यावा, त्यात काही पाप नाही. पण सार्वजनिक पैशातून वस्तू घेताना सगळ्यात स्वस्त तीच घ्यायची हा नियम कुठल्याही हातकामाला मारतो, आणि तो नियम बदलणं सरकारच्या हातात आहे.

या सगळ्याची सुरुवात करायची तर पहिली बैठक एखाद्या हॉटेलच्या सभागृहात घेऊ नये. ज्यांना अजून वाख काढता येतो, दोर वळता येतो, त्यांच्या वस्तीत घ्यावी. त्यांना सत्काराची शाल देऊन पहिल्या रांगेत बसवू नये, दर ठरवणाऱ्या समितीत घ्यावं. आणि त्या दिवसाचा पहिला विषय एकच असावा: एक झुला विणायला किती तास लागतात, आणि त्या तासांचे किती रुपये.